भट्टीवाल्याने पाहिलेला समुद्राचा तळ

तीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेससमोर काढलेल्या माणसाला वितळलेल्या मालाबद्दल कुणी शिकवावं, हे मला सहनच होत नाही. म्हणून आमच्या प्रज्ञाचा फोन आला, "बाबा, स्टूडंट्सले घेऊन अंदमानले चालली मी, तुमी अन् आई या ना," तेव्हा मी जरा आढेवेढे घेतले. मुलगी कॉलेजात भूविज्ञान शिकवते, वितळलेल्या रसातून खडक कसे बनतात तेही. बारावीनंतर मी तिला साफ नाही म्हटलं होतं. "दगडं शिकून पोट भरते का?" हे माझेच शब्द. ती स्वतःच्या हिमतीवर शिकली आणि मी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

जाणाऱ्यांसाठी: भिलाईहून पहाटे पाचला टॅक्सी काढा, उजाडलं की वाटेत कुम्हारीला ट्रकांची रांग लागते. रायपूर, कोलकाता, पोर्ट ब्लेअर असं विमानाचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर झेपतं. तिथे मासळीची थाळी दोनशेला मिळाली, आणि रस्सा दोनदा मागितला तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून किनाऱ्यावर गेलो. भरतीत हे खडक दिसत नाहीत. बूट घालाच. हिरवट काळे, गोलमटोल दगड, उशा रचून ठेवल्यासारखे. प्रज्ञा विद्यार्थ्यांना सांगत होती: समुद्राच्या तळाशी पृथ्वीच्या कवचाचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकतात, खालचा तप्त खडक वर येतो, दाब कमी झाला की थोडा वितळतो. तो रस पाण्यात आला की अशा उशा होतात, हा बेसाल्ट. खालीच अडकून सावकाश थंड झाला तर जाड दाण्यांचा गॅब्रो. सगळा समुद्रतळ असाच बनतो, त्याचाच एक तुकडा इथे वर ढकलला गेलाय.

मी खाली पडलेला फुटका तुकडा उचलला. भट्टीवर आम्ही स्लॅगचा, म्हणजे लोखंडावर तरंगणाऱ्या मळाचा, गार तुकडा फोडून बघायचो. काचेसारखा दिसला तर चुना कमी, दगडासारखा तर जास्त. या तुकड्याची कड काचेसारखी गुळगुळीत, आत मात्र दगडासारखे दाणे. माझ्याने राहवलं नाही.

"पोरी, चुकून राहिली तू. हे दोन अलग माल आहेत."

सगळे विद्यार्थी तिच्याकडे वळले. प्रज्ञाचा चेहरा लाल झाला, पण आवाज शांत होता.

"बाबा, गरम स्लॅगवर पाण्याचा फवारा मारला त काय बनते?"

"काचेवानी रेती."

"अन् तोच पिटच्या खड्ड्यात हळूहळू थंडा झाला त?"

"दगड."

"माल अलग राहाते?"

मी तुकडा उलटून पाहिला. "नाही. एकच."

"मंग इथंबी एकच. कडेले समुद्राचं पाणी लागलं, आत नाही लागलं."

"आता कावून चूप झाले?" प्रज्ञाची आई हसली.

चारचौघांत हरलो, आणि छाती अभिमानाने भरून आली. माझ्याच कामातून मला शिकवणारी माझी मुलगी! पण हे तिला सांगितलं नाही. उरलेले दोन दिवस मी नारळपाणी पीत नुसता तिच्या मागे फिरलो.

परतल्यावर आठवडाभर भिलाईत कॅम्प-1 च्या बाजारात भेटेल त्याला समुद्रतळ समजावला, भाजीवालाही सुटला नाही. मग रविवारी सकाळी अंगणात उभा राहून तिला फोन लावला.

"प्रज्ञा, बारावीनंतर तुले अडवलं, ते माझं चुकलं. तू मोठं काम करून राहिली."

पलीकडून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आवाज नाही आला. फिरसे बोला ना."

आवाज नीट जात होता, हे मला कळत होतं. मी शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं.