उरलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बजावलं होतं, पोटातला हा कॅन्सर जंतूंमुळे झालाय, जंतू मेले तर कॅन्सरही जिरू शकतो, चौदा दिवस गोळ्या घ्या, एकही चुकवू नका. पाचव्या दिवशी जळजळ थांबली, तशी ह्यांनी उरलेल्या गोळ्या समोरच्या दुकानदाराला देऊन टाकल्या. त्याचंही पोट जळायचं. परळीत आमच्या गल्लीत औषधं विरजणासारखी घरोघर फिरायची.

मी तशीच भरल्या दुकानात गेले. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा बाजूला सारून हात पुढे केला.

"दोनच खाल्ल्यात, वहिनी," दुकानदार म्हणाला.

"उरलेल्या द्या. ह्यांना कॅन्सर हाय." गल्लीपासून लपवलेला शब्द मी गिऱ्हाइकांसमोर बोलले.

कमी पडलेल्या दोन मेडिकलमधून विकत घेऊन घरी आले आणि पाण्याचा तांब्या ह्यांच्यापुढे आदळला.

"आता बरं वाटतंय मला," हे म्हणाले.

"तुमाला इचारलं न्हाई. तोंड उघडा."