औशाच्या बसमधली रिकामी जागा

वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता द्यावी का, यावर लातूरला आम्हा बायकांचा परिसंवाद होता. ‘हेही कामच आहे, त्याला कामाचा मान द्या,’ असं मी तावातावानं मांडलं. माझ्यानंतर एक वकीलबाई म्हणाल्या, ही गुलामगिरी आहे, बंदच करा. हा धंदा करणारी एक पंचेचाळिशीची बाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं आम्हा दोघींनाही टाळ्या वाजवल्या. बोलायचा आग्रह झाला तेव्हा दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेत म्हणाली, “दोघी बी लई चांगलं बोललात.” जेवताना मी तिचा हात धरून तिला बहीण म्हणाले.

संध्याकाळी औशाच्या बसमध्ये ती खिडकीशी बसलेली दिसली. शेजारची जागा रिकामी होती. मी तिकडे निघाले, तेवढ्यात मागून मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला हाक मारली. मी जागीच थबकले. तिनं ते पाहिलं. मांडीवरची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि बाहेर बघत हळूच म्हणाली, “जावा ताई, तिकडं बसा. मी वळख दाखवत न्हाई कुणाला. आमच्या कामात ते पयलं शिकावं लागतं.”

मी मागे जाऊन बसले.

“ओळखीच्या आहेत का?” मुख्याध्यापकांनी सहज विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

भाषणातला एकेक शब्द मी आठवडाभर पारखून घेतला होता. हा एक शब्द मात्र विचार न करताच तोंडून गेला, आणि मनातलं खरं तेच होतं.