शारजा आलं की मॅनिटोबा

आखातात, दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या वाळूत राहून कॅनडाच्या राज्यकारभाराची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या चाचांखेरीज दुसरा झाला नसेल. तिकडच्या पंतप्रधानांना तरी ती एवढी असेल की नाही, मला शंका आहे. चाचा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, आणि तीस वर्षांहून जास्त काळ दुबईच्या एका टायपिंग सेंटरमध्ये बसून लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप करणारे. माझं ऑफिसही दुबईतच, जुमेरा लेक टॉवर्सला, त्यांची वाट तिकडूनच जाणारी, म्हणून मी आणि आणखी दोन शेजारी सकाळी साडेपाचला त्यांच्या गाडीत बसायचो. मागचे दोघे बसल्या बसल्या घोरायला लागत. पुढच्या सीटला मात्र झोपायची बंदी होती. तिथं बसणाऱ्यानं पट्टा लावायचा, कॅनडाच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि प्रश्न विचारायचे. वसईच्या शाळेत भूगोलात काठावर पास झालेली मी, पाच वर्षं ही परीक्षकाची नोकरी केली.

झालं होतं असं, की त्यांची मुलगी कॅनडात नर्स होती आणि आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्यासाठी तिनं अर्ज केला होता. इकडचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की संसार गुंडाळायचा, हे इथं प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. गावाकडं आता दार उघडणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे चाचा-चाचींना म्हातारपण एकत्र काढायला जागा होती ती त्या फाइलमध्येच. परीक्षा यायची ती तिथं जाऊन तीन वर्षं राहिल्यावर. पण चाचांना दम कुठला! "तोपर्यंत डोकं चालेल याची गॅरंटी काय गो? आत्ताच पाठ करून ठेवायचं. मग टेन्शन खलास."

पाठ करायची त्यांची पद्धत त्यांनाच सुचावी अशी होती. कॅनडाचे दहा प्रांत त्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडं आमच्या रस्त्यावर ओळीनं मांडून टाकले होते. अजमान लागलं की क्यूबेक, शारजा आलं की मॅनिटोबा, आणि माझ्या ऑफिसच्या दाराशी ब्रिटिश कोलंबिया. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर खोळंबा, त्यामुळे मॅनिटोबाची राजधानी मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकदा माझ्या साहेबांचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. झोपेत मी "मॅनिटोबात अडकलेय सर" म्हणाले, आणि ते दिवसभर माझ्याकडं काळजीनं बघत राहिले. वाटेत हॉर्न वाजवला की कॅफेटेरियातला केरळी पोऱ्या गाडीशी कडक चहा आणून द्यायचा. चाचा काच खाली करून त्याची परीक्षा घ्यायचे, "हबीबी, गव्हर्नर जनरल किसका प्रतिनिधी होता है?" तो बिचारा ट्रे सांभाळत सांगायचा, "राजा का, चाचा. शक्कर कम?"

थंडीचा सराव म्हणून भर जुलैत घरातला एसी सोळावर लावून हा माणूस कानटोपी घालून बसे. समोर चाची अंगाभोवती चादर लपेटून मासे साफ करायच्या आणि चाचा संध्याकाळी त्यांच्याकडून सकाळचाच धडा म्हणवून घ्यायचे. "सिनेटमध्ये कोण बसतं?" चाची खवलं काढता काढता सांगायच्या. चुकल्या तर चाचा पुढचा प्रश्न स्वतःकडं घेऊन मुद्दाम चुकायचे. मी एकदा चाचींना म्हटलं, "तुम्ही कशाला हा जाच सहन करता?" त्या हसल्या. "मला काय कळतंय गो त्यातलं? पण यांना पण परीक्षा आहे ना. एकट्याला कसं सोडायचं?"

चौथ्या वर्षी एका दुपारी चाची स्वयंपाकघरात कोसळल्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलीचं विमान उतरायच्या आधीच त्यांना इथल्या कबरस्तानात पुरलं. चौथ्या दिवशी साडेपाचला गाडी नेहमीच्या जागी उभी! मी पुढच्या सीटला बसून पट्टा लावला. चाचांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "यल्ला, चल, विचार." मी विचारत गेले, ते उत्तरं देत गेले, एकही चुकलं नाही. मागचे दोघे त्या दिवशी घोरत नव्हते. मी पुस्तक तोंडासमोर धरून रडले.

फाइलमधून चाचींचं नाव काढण्याचा अर्ज चाचांनी स्वतः टाइप केला. तपासायला म्हणून मला खाली बोलावलं होतं. न बघता हजारो लोकांचे अर्ज टाइप केलेला माणूस एका बोटानं एकेक अक्षर शोधत होता. "स्पेलिंग बघ गो बाय. लोक तिचं नाव नेहमी चुकवतात." मी बघितलं. नाव बरोबर होतं.

पुढच्या वर्षी, नोकरी संपायला दोन महिने उरलेले असताना, एका सकाळी गाडीतच, स्पीकरवर, मुलीचा फोन आला. फाइल मंजूर झाली होती. चाचा "अल्हमदुलिल्ला" म्हणाले आणि लगेच परीक्षेचं काढून बसले. ती वैतागून म्हणाली, "पप्पा, किती वेळा सांगू? पंचावन्नच्या वर टेस्ट नसते. यू आर एक्झेम्प्ट!" फोन ठेवल्यावर माझं डोकंच फिरलं. पाच वर्षांची झोप मी मॅनिटोबात घालवली होती!

"मला ठाऊक होतं, बाय," चाचा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "टायपिंगवाला मी, वयाचा रकाना पहिला बघतो. परीक्षा चाचीला होती. बारा वर्षांनी लहान ना माझ्यापेक्षा. सातवी शिकलेली बाई, परीक्षेचं नाव काढलं की घाम फुटायचा. म्हणाली, तुम्ही जा, मी राहते मागं. मग सांगितलं, मला पण आहे. दोघं मिळून बसू."

"मग त्या गेल्यावर कशाला चालू ठेवलंत?" मी विचारलं, आणि विचारल्याची लाज वाटली.

"पुस्तक बंद केलं असतं तर गाडीत तिच्याबद्दल बोलावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं."

त्यानंतर आम्ही पुस्तक उघडलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत चाचाच मला प्रश्न विचारत. त्यांना एकच चिंता उरली होती. इथल्या साध्या कबरींवर नाव नसतं, नुसता दगड. एका शुक्रवारी ते मला कबरस्तानाशी घेऊन गेले, मी बाहेर उभी राहिले आणि त्यांनी आतून हात करून जागा दाखवली. मग रोज गाडीत तेच. "फाटकातून कितवी रांग?" "सहावी." "झाडापासून?" "चौथी, चाचा. मध्ये दोन लहान मुलांच्या." "बरोबर. विसरू नकोस."

आता ते कॅनडात आहेत. मी आता बसनं जाते, आणि वाटभर झोप म्हणून येत नाही. सवड मिळाली की कबरस्तानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. मी बाई, त्यात ख्रिस्ती. आत जायचा मला धीर होत नाही. चाचा आठवड्यातून एकदा फोन करतात. बर्फाचं, गुडघ्यांचं, नातवाचं सांगून होतं, आणि मग आवाज जरा खाली जातो. "बाय, गेली होतीस? दिसते ना?"

मधल्या काळात फाटकाच्या बाजूला नव्या कबरी झाल्या आहेत, वाळूचे ताजे ढीग पडले आहेत. कितीही टाचा उंचावल्या तरी सहावी रांग मला आता बाहेरून ओळखता येत नाही. "दिसते, चाचा," मी सांगते. ते "बरोबर" म्हणतात आणि बराच वेळ फोन ठेवत नाहीत.