दोन्ही हातांनी, खालून

बायकोबरोबर शेवटचं साधं काम केलं ते वरच्या मजल्यावरच्या शहाण्याच्या कॅमेऱ्याचं. आमच्या नळाला दोन तास पाणी, आणि ह्याच्याकडे समुद्राखालचा कॅमेरा! मालवणला जायचं म्हणून पार्किंगमधला कट्टा ही होडी समजून महिनाभर तालीम चालली होती. "कॅमेरा घेऊन उडी मारायची नाही, दणक्यानं झाकण उघडतं. आधी आपण उतरायचं, मग वरच्यानं द्यायचा." हे त्यानं वॉचमनकडूनसुद्धा पाठ करून घेतलं. माझे हात थरथरतात म्हणून मला बाद केलं. हिला म्हणाला, "काकू, पट्ट्याला नाही, दोन्ही हातांनी खालून धरा."

"अरे, दोन पोरं न्हाऊ घातलीत मी!" ही म्हणाली.

त्याच आठवड्यात ही गेली. सावडून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घेऊन आम्ही होडीत बसलो. मालवणचा बेत सोडून शहाणाही आला होता. मडकं माझ्या हातात ठरेना. ते पाहून तो ऑफिसच्या पँटीसकट छातीभर पाण्यात उतरला आणि त्यानं हात वर केले.

"काका, द्या आता."

मी दिलं. दोन्ही हातांनी, खालून धरून.