रेवजीचे पाच चुकीचे चेहरे

वेबसाइटच्या पानावर चौकोन होते सहा, आणि त्यांत टाकायला भूमिकाकडे चित्र एकही नव्हतं.

तिनं चित्रं कमी काढली होती असं नाही. लग्न होऊन रनाळ्याला आली त्याला अकरा वर्षं झाली, तेवढ्यात साठ-पासष्ट चेहरे तिच्या हातून उतरले असतील. पण तिचं कामच असं होतं की चित्र पुरं झालं की ते ज्याचं त्याच्या घरी भिंतीवर जायचं. ती मेलेल्या माणसांचे चेहरे काढायची, आणि तेही फोटोवरून नाही. ज्यांचा जन्मात कधी फोटोच निघाला नाही, अशांचे. घरच्यांसमोर मांडी घालून बसायचं, विचारायचं, ऐकायचं आणि पेन्सिलीनं चाचपडत जायचं. कपाळ केवढं होतं? हसताना डोळे मिटायचे का? पोरांपैकी कुणाचं नाक त्यांच्यावर गेलंय?

सुरुवात घरातच झाली होती. चित्रकलेच्या शिक्षिकेचा डिप्लोमा करून भूमिका घरी बसली होती. शाळांत जागा निघत नव्हत्या. एकदा शेंगा फोडता फोडता सासू रंजनाबाई म्हणाल्या, "मन्ही मायना एक बी फोटो नही शे. तिना कपायवर गोंदन व्हतं, तेवढंच डोयासमोर येस." भूमिकानं वही आणली. दोन दुपारी गेल्या, खोडरबर झिजला, आणि तिसऱ्या दुपारी रंजनाबाई वहीकडे बघता बघता पदर तोंडाशी धरून उठून गेल्या. ते चित्र त्यांचा भाऊ घेऊन गेला. मग त्याच्या गावातून एक बाई आली, तिच्या मागोमाग तिची नणंद, आणि असं करत नाव चिंचपाड्यापर्यंत आणि तिकडे अक्कलकुव्याच्या डोंगरापर्यंत पोचलं.

अलीकडे मात्र काम आटलं होतं. लोक आधार कार्डावरचा फोटो घेऊन स्टुडिओत जायला लागले. तिथला कॉम्प्युटर त्या चेहऱ्याला कोट चढवतो, मागे निळं आभाळ घालतो आणि तासाभरात फ्रेम हातात देतो. भूमिकाचा नवरा मिथुन कापसाची गाडी घेऊन जिनिंग कारखान्यात जायचा, तिथं त्यानं कुणाचं तरी पान मोबाइलवर पाहिलं. म्हणाला, "तू बी एक पान बनाव. आपला कितला लोक सुरतले शेत. त्यासले कसं समजी?"

म्हणून ती नंदुरबारला जिनेशकडे गेली. बाजारपेठेत त्यांचं आजोबांपासूनचं कापडाचं दुकान, आणि वरच्या माडीवर जिनेश दुकानदारांना वेबसाइट बनवून द्यायचा. माणूस सरळ, बोलणं गोड, पण हाताला घाई.

"भाभी, लोकांना आधी आणि नंतर असं बघायचं असतं," तो म्हणाला. "डावीकडे फोटो, उजवीकडे तुमचं चित्र, मधे बाण."

"फोटो नसतो, जिनेशभाई. नसतो म्हणून तर माझ्याकडे येतात."

"मग आधी काय असतं?"

"आधी काहीच नसतं."

जिनेशनं जरा विचार केला. "रिकामा चौकोन बरा नाही दिसणार," तो म्हणाला.

आठवड्यानं त्यानं नमुन्याचं पान पाठवलं. वर सुरकुत्यांचा, फेटेवाला कुणी एक म्हातारा, नेटवरून उचललेला. खाली 'माझ्याविषयी' या मथळ्याखाली लिहिलेलं: भावनांना रंगांचा स्पर्श देणारी, आठवणींना अजरामर करणारी खानदेशकन्या. भूमिका या कामात कधी रंगांच्या वाटेला गेली नव्हती. तिचं सगळं काम पेन्सिलीचं. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"हे काढा. तो म्हातारा कोण आहे?"

"कुणी नाही भाभी, जागा भरायला. आणि मजकूर कोण वाचतं? मशीनच लिहून देतं आता."

"मी लिहून देते."

म्हणाली खरी, पण तीन दिवस बसूनही तिच्याच्यानं एका ओळीपुढे जाईना. 'मी न पाहिलेल्या माणसांची चित्रं काढते.' एवढं लिहिलं की सगळं सांगून झालं असं वाटायचं. त्या रकान्याला मात्र निदान शंभर शब्द हवे होते. खाली लाल अक्षरांत तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, आणि भूमिकाला चौथीतल्या गुरुजींसमोर उभं राहिल्यासारखं व्हायचं.

चित्रांचा प्रश्न तर त्याहून अवघड. घरोघर जाऊन भिंतीवरच्या चित्रांचे फोटो घ्यायचे, असं तिनं ठरवलं. पहिली गेली गावातल्याच छबूबाईंकडे. छबूबाईंनी चहा केला, बिस्किटं काढली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मन्हा मानूसले मोबाइलमा मांडशी? दुकानमा कापड मांडतस तसा? नही बहीन. तो घरमा शे, घरमाच ऱ्हावू दे."

भूमिकानं चहाचा कप खाली ठेवला. ती उठली.

चिंचपाड्याजवळच्या घरी मंडळी हो म्हणाली, पण तिथं काचेवर रोजच्या कुंकवाचा असा थर चढला होता की कपाळाच्या जागी लाल लिंपण दिसत होतं. वरून ट्यूबलाइटची रेघ बरोबर नाकावर. फ्रेम जरा खाली काढू का, असं तिनं विचारलं तेव्हा घरातली म्हातारी आडवी आली. टांगलेला माणूस खाली उतरवत नाहीत. आणखी एका घरी भिंतीला ओल लागून हनुवटी वाळवीनं खाल्ली होती, आणि घरच्यांना ते तिच्यासमोरच पहिल्यांदा कळलं. तिथं तिला वर चार शब्द ऐकावे लागले, जणू वाळवी तिनंच सोडली होती.

चार रविवार असे गेले. बसच्या खिडकीशी बसून ती स्वतःवरच चिडायची. चित्र पुरं झालं त्या त्या दिवशी एक फोटो काढून ठेवायला काय झालं होतं? पण तेही तिला माहीत होतं. चित्र पुरं व्हायचं तेव्हा घरातली माणसं रडत असायची. त्या वेळी पिशवीतून मोबाइल काढायचा म्हणजे तिला निलाजरेपणा वाटायचा.

शेवटची आशा रूपलीबाईंवर होती. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात त्यांचं घर. त्यांचा नवरा रेवजी झाडावरून पडून गेला होता. त्याचं चित्र भूमिकानं दोन वर्षांमागे काढलं होतं, आणि आपल्या चांगल्या कामांत ती ते मोजत होती. रूपलीबाईंचा मुलगा खात्या त्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. त्यानंच तिला वर नेलं. रूपलीबाई घरात भिलीच बोलायच्या, त्यामुळे मधे बसून दोन्हीकडचं सांगायला तोच.

रूपलीबाईंनी भूमिकाचं म्हणणं ऐकलं आणि काहीतरी थोडक्यात सांगितलं. खात्या अवघडला.

"काय म्हणतात?"

"आई म्हणते, फोटो काढ. हरकत नाही. कारण तो आमचा बाप नाहीच."

भूमिकाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"म्हणते, हा कुणीतरी चांगला माणूस आहे. पण रेवजी नाही. दोन वर्षं बघते आहे रोज."

भूमिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार रविवारांचा राग बाहेर पडला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

रूपलीबाईंनी खात्याकडे न बघता थेट तिच्याकडे बघून उत्तर दिलं. खात्यानं मागून सांगितलं, "तू लांबून आली होतीस, म्हणते. आणि शेवटच्या गाडीची तुला घाई होती."

ते खरं होतं. भूमिकाला तो दिवस आठवला. खात्या खाली हॉर्न वाजवत होता आणि तिनं हनुवटीची छाया उरकून टाकली होती. तिनं पिशवीतून कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि जमिनीवर बसली.

"सांगा," ती म्हणाली.

या खेपेला तिनं मोबाइल शेजारीच ठेवला आणि प्रत्येक टप्प्याला फोटो घेतला. पहिला चेहरा झाला. रूपलीबाईंनी मान हलवली. भुवया फार रागीट. दुसऱ्यात गाल भरले. इतकं खायला कधी मिळालं त्याला, असं रूपलीबाई म्हणाल्या, आणि खात्या हसला. तिसरा रेवजीच्या भावासारखा झाला. चौथ्यात कान चुकले. पाचवा जवळ आला होता, पण रूपलीबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी आपला अंगठा स्वतःच्या डाव्या डोळ्याखाली दाबला. तिथं काहीतरी होतं, ते त्यांना सांगता येत नव्हतं. भूमिकानं त्यांच्या अंगठ्याकडे बघत बघत तिथला कागद जरा खोडला, थोडा पुन्हा भरला. डोळा एका बाजूनं किंचित खाली आला, उन्हात फार वेळ बघणाऱ्याचा येतो तसा.

रूपलीबाईंनी कागद तिच्या हातातून काढूनच घेतला. घराच्या मागं निघून गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा भूमिकानं मोबाइल उचलला होता. रूपलीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. खात्यानं सांगितलं, "आधीचे पाच घेऊन जा म्हणते. सगळ्या जगाला दाखव. ते कुणीच नाहीत. हा नको."

जिनेशनं ते पाच फोटो पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले. "भाभी, शेवटचं कुठंय?"

"ते त्यांच्या घरी."

"म्हणजे गिऱ्हाइकाला पाच चुका दाखवायच्या आणि बरोबर आलेलं दाखवायचंच नाही?"

"हो."

"मिठाईवाला करपलेल्या जिलब्या मांडत नाही, भाभी."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तिला अधिकच राग आला. पण पान तसंच लागलं: पाच चुकीचे रेवजी, एक रिकामा चौकोन आणि खाली तिची ती एक ओळ. शंभर शब्दांचा हट्ट जिनेशनं कुठूनतरी बंद केला, एवढे त्याचे उपकार.

मग निरोप यायला लागले. कुणी आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवला. कुणी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरचं विचारलं. कुणाला वडिलांचा अंधुक फोटो स्वच्छ करून हवा होता, आणि जमलं तर वडिलांना मोटारीशेजारी उभंही करायचं होतं. कर्ज देणाऱ्यांचे निरोप तर रोजचेच. आणि बाकी जवळजवळ सगळे एकच विचारायचे: पुरं झालेलं चित्र कुठे आहे? पहिले पंधरा दिवस तिनं नीट उत्तरं लिहिली. पुढे फोन वाजला तरी तिला नको व्हायचं. मिथुननं काही आलं का विचारलं की ती भांडी जरा जोरात ठेवायची.

दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. अनुसया गावीत, सुरतला दवाखान्यात नर्स, मूळची चिंचपाड्याकडची. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. फोटो नाही.

"तुमच्या पानावर शेवटचं चित्र का नाही?" तिनं विचारलं.

भूमिका वैतागलीच होती. "ज्यांचं आहे त्यांनी नाही म्हटलं. आणि तुमचं काढलं तर तेही मी टाकणार नाही, तुम्ही सांगेपर्यंत."

"मग मी रविवारी येते," अनुसया म्हणाली.

ती आली. ओसरीवर दोघी दुपारभर बसल्या. पण सात वर्षांच्या पोरीला आईचं काय आठवणार? हिरव्या बांगड्या, लसणाचा वास, आणि पाठीवर बांधून नेताना दिसायची ती मान. चेहरा काही केल्या येईना. भूमिकानं चार कागद खराब केले. संध्याकाळी अनुसयानं ते चारही मागून घेतले, नीट गुंडाळले. धानोऱ्याच्या मावशीला घेऊन पुन्हा येते, म्हणाली. मावशीला ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत आहेत.

बस गेल्यावर भूमिकानं मोबाइल उघडला. जिनेशचा निरोप होता: भाभी, तो रिकामा चौकोन काढून टाकू का? तिनं 'नको' लिहिलं आणि पेन्सिलींना टोक करायला बसली.