लेकीचा झोपाळू लॅपटॉप

बायको गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फोडत ती होती, मी खात होतो. मधूनच ती माझ्या बरगडीत कोपर टोचायची. "आवं, बियाला ठेवायच्यात त्या!" शेजारच्या बाजेवर लेकीचा लॅपटॉप उघडा पडलेला.

लेक शहरातली नोकरी घरून करती. सगळा कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती मुख्य यंत्रणा बनवायचं काम. माझी शाळा चौथीतच सुटली. मला एवढंच कळलं, की काम नसलं की लॅपटॉप झोपतो आणि त्याच्या पोटातलं घड्याळ त्याला उठवतं. लेकीच्या लॅपटॉपात खोट अशी, की तो गाढ झोपला की घड्याळबी झोपायचं. मग उठवणार कोण? सगळं जागच्या जागी अडकायचं. एखादं बटण दाबलं की पुन्हा चालू.

"बापासारखंच हाय," बायको म्हणाली होती. "टोचल्याबिगर उठत न्हाई."

खोट सापडायला लेकीला तो अडकलेला बघायचा होता. आठवडाभर वाट बघितली, पण तो अडकेचना. सोमवारी साहेबाला काय सांगू म्हणून लेक बेजार. त्या सांजेला शेंगा फोडता फोडता बायकोनं सहज हात लांबवून बटण दाबलं. लेक दारातच उभी.

"माय! तू रोज दाबायलीस?"

"मग? येता-जाता बघावं तर मेलं रिकामंच बसलेलं. मला न्हाई बघवत."

"अगं, मला ते अडकायलाच पाहिजे!"

"अडकायचा पगार देतेत व्हय तुला?"

मी हसलो, तर बरगडीत अजून एक बसली. लेकीनं हात जोडले. "आज रातभर कुणी हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत बाई," म्हणत बायकोनं पदरानं बटणांवरची फोलपटं झटकली. लॅपटॉप पुन्हा जागा. लेकीनं कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी मी डोळे मिटून पडलो होतो. जाग आली होती, पण टोचल्याबिगर उठायची मला सवयच नव्हती. ऊन पायावर आलं तरी कोपर काही आलं नाही. मग मीच तिला टोचलं. मग हातानं हलवलं. लय हलवलं.

लेकीला सांगायला ओसरीत आलो. बाजेवर लॅपटॉप अडकलेला. पडद्यावरची ती लुकलुकणारी रेघ जागच्या जागी थांबलेली. मी बटण दाबलं.

ते बेणं लगेच उठलं.

मग मी लेकीला हाक मारली.