"आता हूँ" म्हणणारे अण्णा

लेहच्या रस्त्याची धूळ अंघोळ केली की जाते, किस्से काही जात नाहीत. पंचवटीत भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी हाक मारतंच, "ओ ड्रायव्हर, सांगा ना वरचं एखादं!" मग पिशवी खाली ठेवावी लागते.

बारा उन्हाळे मी आणि अण्णांनी लासलगावचा कांदा भरून ट्रक मनालीच्या पुढं, पार लेहपर्यंत नेला. अण्णा मोठे भाऊ, मी धाकटा, स्टिअरिंग आलटून पालटून. यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांना इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसवलंय. "छाती कमजोर झालीय. उंचावर बिलकुल जायचं नाही!" तरी भेटलो की विचारतातच, "सुभाष, एकदाच नेशील का रे? आमाच्या हॉटेलापर्यंत?"

आमा कोण, ते सांगतो. आधी चिवडा.

*

वर हवा विरळ असते, हे पहिल्या खेपेला आम्हाला कुठं माहीत! घाट चढताना फाट्कन आवाज झाला. अण्णांनी ब्रेक मारला, उतरले, दहाच्या दहा टायर ठोकून पाहिले. सगळे टणक! परत येऊन बघतात तर सीटवर, डॅशबोर्डवर, गणपतीच्या डोक्यावर चिवडाच चिवडा. वहिनींनी दिलेलं पाकीट फुगून फुटलं होतं!

अण्णा शेंगदाणे वेचत म्हणाले, "बरं झालं. हे पंक्चर खाता तरी येतं!"

*

घाट संपला की मैदान लागतं. एवढं मोठं की ट्रक चालतोय का डोंगर सरकताहेत, तेच कळत नाही. तिथं अण्णा इंजिन बंद करायचे.

"काय झालं?"

"काय नाय. ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"कायच ऐकू येत नाय. लय भारी वाटतं!"

तेव्हा मी हसायचो. आता दुपारी डुलकी लागली की मी त्याच मैदानात असतो, आणि उठावंसं वाटत नाही.

*

एकदा चेकपोस्टवर एका जवानानं गोणीलाच नाक लावलं. "कांदा लासलगावना शे का हो?"

अहिराणी! म्हणजे सटाण्याकडचा गडी! अण्णांनी ओंजळभर कांदे काढले. त्यानं एकच घेतला, हुंगला आणि खिशात ठेवला.

"अरे, खा की!"

"खाई टाकं तं सरी जाई ना!"

खाल्ला तर संपेल म्हणे!

*

मैदानाच्या टोकाला एका तंबूत आमाचं हॉटेल. तिकडं आईला आमा म्हणतात, आणि त्या साठीच्या बाईला सगळेच ड्रायव्हर आमा म्हणतात. तिनं पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा अण्णा एक घोट घेऊन ओरडले, "आमा, शक्कर के डब्बे में नमक गिर गया!"

"हमारी चाय नमकीन ही होती है. मक्खनवाली."

"मग गरम ताक म्हणा की!" आणि अख्खा पेला संपवला.

खरा घोळ निघताना झाला. आपल्यात निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. अण्णांनी त्याचंच हिंदी केलं, "अच्छा आमा, आता हूँ!" आणि गाडी काढली.

लेहला माल उतरवून चौथ्या दिवशी परत आलो, तर आमा लालबुंद! "उस दिन कहाँ गया था? शाम तक चाय चूल्हे पर रखी थी!"

अण्णांनी कान धरून सगळं समजावलं. ती हसली. पण तेव्हापासून अण्णांचं नावच पडलं, "आता हूँ"!

*

यंदा मी दुसरा जोडीदार घेऊन गेलो. आमा ट्रकच्या पलीकडच्या दाराकडं बघतच राहिली. "आता हूँ किधर है?"

"अब नहीं आएगा" असं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण "बीमार है" एवढंच म्हणालो.

निघताना तिनं जर्दाळूंची पुडी हातात ठेवली. "उसको बोलना, चाय चूल्हे पर है."

नाशिकला येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. अण्णांनी एक जर्दाळू तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघत चघळत बसले. मग स्वयंपाकघराकडं वळून हाक मारली, "अगं, माझा स्वेटर उन्हात टाक."

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "आता कुठं जायचंय तुम्हाला?"

"जायचं नाय गं," अण्णा म्हणाले. "यायचं राहिलंय!"